पत्ता शेवटी लिहा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका कंपनीत हिशेब विभागात आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला विक्री विभागातल्या सहकाऱ्याचा मेल आला, ‘बिलं आजही आलेली नाहीत.’ दिवसभर मी त्याच बिलांचा ताळमेळ लावत बसलो होतो. डोकंच फिरलं. ‘आकडे समजत नसतील तर निदान गप्प बसावं,’ असं लिहून पाठवून दिलं. ते गेलं रिप्लाय ऑलने, ३६ जणांना. त्यात आमचे साहेब आणि ग्राहक कंपनीची दोन माणसं. घाबरून रिकॉल दाबलं, तर मी मेल मागे घेऊ पाहतोय अशी सूचनाच काहींना गेली. दुसऱ्या दिवशी कोणी काही बोललं नाही. महिना झाला, अजून कोणी विषय काढत नाही. आता काही करता येईल का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात साहेब आहेत, ग्राहक आहेत, रिकॉलही आहे. त्या सहकाऱ्याशी तुम्ही बोललात का, हे मात्र कुठेच नाही. सुरुवात तिथून करा. उद्या त्याच्या टेबलापाशी जा, तो दुसरीकडे बसत असेल तर फोन करा. मेल नको. ‘त्या रात्री सगळ्यांसमोर तुला लागेल असं लिहिलं, माझं चुकलं,’ एवढंच म्हणा. ‘पण तूसुद्धा...’ असं तोंडावर आलं तर तिथेच थांबा. बिलांचं काय ते दुसऱ्या कुठल्या दिवशी बोला.

उरलेल्या मंडळींना दोन ओळी लिहायच्या की नाही, हे त्यालाच विचारा. अपमान त्याचा झालाय. विषय पुन्हा उकरू नये असं त्याला वाटत असेल तर त्याचं ऐका. तो हो म्हणाला तर साहेबांच्या कानावर घालून लिहा : ‘माझ्या त्या मेलमधली भाषा चुकीची होती. सहकाऱ्याची मी प्रत्यक्ष माफी मागितली आहे, आपणा सर्वांचीही मागतो.’ रात्र झाली होती, दमलो होतो, असलं काही जोडू नका. माफीला कारण चिकटवलं की वाचणाऱ्याला कारणच दिसतं.

आता रिकॉलबद्दल, कारण त्या बटणावर फार लोक भरवसा ठेवतात. आउटलुकमधलं रिकॉल एकाच संस्थेच्या मेलव्यवस्थेत चालतं. बाहेर गेलेला मेल त्याने परत येत नाही. तुमच्या ग्राहकांच्या पेटीत तो आजही आहे असंच धरून चाला. जीमेलचं ‘अनडू’ वेगळं आहे. तिथे मेल परत येत नाही, तो निघालेलाच नसतो. बटण दाबल्यावर जीमेल तो ५ सेकंद धरून ठेवतं आणि सेटिंगमध्ये ही मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. आजच वाढवून ठेवा. आउटलुकच्या संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत तर नियम लावून प्रत्येक मेल १२० मिनिटांपर्यंत अडवून ठेवता येतो. मी स्वतः १० मिनिटं ठेवते.

मी सोयीवर एवढा भर देते, कारण ‘यापुढे रागात लिहिणार नाही’ हा निश्चय नेमका रागाच्या वेळी आठवत नाही. निश्चय शांत माणूस करतो आणि बटण चिडलेला माणूस दाबतो. चिडलेल्या माणसाच्या वाटेत काहीतरी आडवं घालून ठेवणं, एवढंच शांत माणसाच्या हातात असतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘बिलं आजही आलेली नाहीत’ हे वाक्य पुन्हा वाचा. आग लागली ती त्या ‘ही’मुळे. ‘बिलं आज आलेली नाहीत’ असतं तर तुम्ही कदाचित झोपी गेला असता. मराठीत हे एकाक्षरी शब्द फार जड असतात. ‘मी काल पाठवलं’ ही माहिती आहे, ‘मी कालच पाठवलं’ हा ठपका. बोलताना आवाज त्याला सांभाळून घेतो, मेलमध्ये तो आवाज वाचणारा आपल्या पदरचा घालतो. २००५ साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली होती. काही वाक्यं टोमणा म्हणून, काही मनापासून, अशी मेलने पाठवायला सांगितली. आपला सूर समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आली असती. तुमच्या सहकाऱ्याने टोमणा मारला होता की साधी माहिती दिली होती, हे तुम्हाला अजूनही नक्की माहीत नाही. भेटलात की विचारा.

लिहिताना मी एक पद्धत पाळते. मजकूर आधी, जोडपत्र मग, पत्ता सगळ्यात शेवटी. उत्तर देताना पत्ता आपोआप भरलेला असतो, तो पुसून टाकते. पत्ताच नसेल तर चुकून बटण दाबलं तरी मेल जागचा हलत नाही. मग ‘च’ आणि ‘ही’ शोधत मजकूर एकदा मोठ्याने वाचते, आणि त्यानंतर एकेक नाव हाताने भरते.

ही पद्धत मला एका चुकीने लावली. मी कार्यालयात पत्रव्यवहार बघायचे. एका सहकारी मुलीचा आजारपणाच्या रजेचा अर्ज वरिष्ठांकडे पाठवायचा होता, सोबत डॉक्टरांचा कागद. पहिली तीन अक्षरं टाइप केली, यंत्राने नाव पूर्ण केलं, मी पाठवलं. तो गेला त्याच नावाच्या, भलत्याच कार्यालयातल्या माणसाकडे. मी लगेच त्यांना फोन करून मेल पुसायला सांगितलं आणि मग तिच्यापाशी जाऊन सगळं सांगितलं. ‘असू दे,’ म्हणाली. पण पुढची दोन वर्षं, मी ते काम सोडेपर्यंत, ती रजेचे अर्ज बंद पाकिटात घालून माझ्या हातात द्यायची. ते पाकीट घेताना दर वेळी मला वाईट वाटायचं, आणि तिचं बरोबरच होतं.

प्रश्न : आमच्या वाचनगटाच्या २०० सभासदांना मी कार्यक्रमाचा मेल पाठवला. एका बाईंनी कळवलं, ‘माझा पत्ता सगळ्यांना का दिसतोय?’ त्यांचं म्हणणं रास्त आहे का?

उत्तर : पूर्ण रास्त आहे. त्यांनी पत्ता तुम्हाला दिला होता, इतर १९९ जणांना नाही. ‘टू’च्या रकान्यात स्वतःचा पत्ता घाला आणि सभासदांचे ‘बीसीसी’च्या रकान्यात. तिथली नावं एकमेकांना दिसत नाहीत आणि कोणी रिप्लाय ऑल केलं तरी उत्तर बाकीच्या सभासदांकडे जात नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांवर गेला. मेलव्यवस्था मंदावली ती त्या एका मेलमुळे नव्हे, ‘मला का पाठवलं’ असं सगळ्यांनाच विचारणाऱ्या उत्तरांमुळे.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. मी टंकलेखन यंत्रावर शिकले. दोन कागदांमध्ये कार्बन सरकवायचा, कडा जुळवायच्या, आणि अक्षर चुकलं की प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडायचं. चौथी-पाचवी प्रत इतकी पुसट यायची की ती कोणाला द्यायची यावर विचार व्हायचाच. आता प्रत काढायला काही लागत नाही, म्हणून नावं वाढत जातात. सीसीतल्या प्रत्येक नावापाशी थांबून ‘याने हे वाचून काय करायचं?’ असं विचारा. उत्तर सुचलं नाही तर नाव काढा.

त्या बाईंना मात्र आधी दोन ओळी लिहा, फक्त त्यांनाच.

प्रश्न : मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर वडील गेल्याचं कळवलं. गडबडीत माझ्याकडून अंगठ्याचं चित्र गेलं. मी ते ‘सर्वांसाठी’ पुसलं, पण तिथे ‘संदेश हटवला’ असं दिसतंय. तिने पाहिलं असेल का? चार दिवस झाले, मला काही लिहायला सुचत नाही.

उत्तर : पाहिलं असेल किंवा नसेल. पुसल्याची खूण मात्र तिला दिसतेय, आणि त्यानंतर चार दिवस तुमच्याकडून काहीच नाही. अंगठ्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं असेल. लिहायला सुचत नसेल तर लिहू नका. तिला फोन करा, अंगठ्याचं एका वाक्यात सांगा आणि मग तिला वडिलांबद्दल बोलू द्या.