सिन्नरहून येणारा फोन

ताई, नमस्कार.

मी ५४ वर्षांचा, नाशिकला गंगापूर रोडला राहतो, सातपूरला एका कंपनीत सुपरवायझर आहे. आम्ही शाळेपासूनचे पाच मित्र. दर शुक्रवारी रात्री त्र्यंबक रोडच्या एका ढाब्यावर जमतो. शेवभाजी, भाकरी, ठेचा आणि गप्पा. पिणं नाही, पत्ते नाहीत, बाराच्या आत घरी. दोघांची मुलं परदेशात, त्यांना तर हाच विरंगुळा.

मुलगी २५ वर्षांची, हिंजवडीला नोकरीला. पंधरा दिवसांनी शुक्रवारी येते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून येणं वाढलं. पण नाशिक-पुणे रस्त्याचे हाल तुम्हाला माहीत आहेत. चाकणलाच दीड-दोन तास जातात, रेल्वेचं वर्षानुवर्षं नुसतं ऐकतोय. किती वेळा सांगितलं, शनिवारी पहाटे निघ, रस्ता मोकळा असतो. ऐकत नाही, उलट चिडते. आधी सिन्नर आलं की मला फोन करायची. मी सांगायचो, द्वारका चौकात उतर, रिक्षा कर, आई आहे घरी. आता तेही नाही. गेल्या दोन खेपा तर फोन न करताच थेट बेल वाजवली. आल्यावर खोलीत मोबाईल घेऊन बसते. शनिवारी सकाळी मी मिसळ आणतो, तीही खोलीत नेऊन खाते. आता म्हणते, महिन्यातून एकदाच येईन. बायको म्हणते, हे तुमच्या शुक्रवारमुळे. चाळीस वर्षांचे मित्र सोडून द्यायचे का? बायकोला कसं समजावू?

– एक वाचक, नाशिक

*

दादा,

तुमचं पत्र बरंच मोठं आहे, वर त्यातलं थोडंच छापलंय. त्यात मोठा मजकूर चाकणच्या ट्रॅफिकवर आहे, त्याखालोखाल रेल्वेवर. सिन्नरच्या फोनला तुम्ही जेमतेम चार ओळी दिल्यात, त्याही मुलगी कशी बदलली हे पटवून द्यायला. मला त्या ओळींच्या पुढे जाता येईना.

ती सिन्नरहूनच का फोन करायची, याचा तुम्ही कधी विचार केलात? पुण्यातून बस सुटली की नाही, संगमनेरच्या आसपास बस चहाला थांबते तेव्हा नाही. सिन्नरहून. सिन्नर सोडलं की नाशिक उरतं तीसेक किलोमीटर. मोहदरी घाट, शिंद्याचा टोलनाका, नाशिकरोडला बिटको चौक, उपनगर आणि मग द्वारका. रात्रीच्या वेळी बसला पाऊण तास लागतो, कधी तास. त्र्यंबक रोडवरून द्वारकेला यायला तुम्हाला अर्धा तास पुरतो. म्हणजे पानातली भाकरी संपवून, हात धुऊन, मित्रांना 'येतो रे' म्हणून गाडी काढली, तरी तुम्ही बसच्या आधी पोचता. तुमचं जेवण अर्धवट राहू नये आणि तिलाही ताटकळावं लागू नये, अशा बेताने तो फोन यायचा.

आणि तुम्ही तिला रिक्षाची माहिती देत होतात.

अहो, ती नाशिकची मुलगी आहे. द्वारकेला उतरून गंगापूर रोडची रिक्षा करायची हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक असेल. हिंजवडीत ती खोली शोधते, डिपॉझिटवरून घरमालकाशी वाद घालते, रात्री ऑफिसातून एकटी परतते. तिला रिक्षा कशी मिळते ते विचारायचं नव्हतं. आई घरी आहे की नाही, तेही विचारायचं नव्हतं. आई असणारच, पोळीभाजी झाकून जागी असणारच, हे ती गृहीत धरून चालते. म्हणून तो फोन आईला जात नव्हता. तो तुम्हाला येत होता, बाबांना, आणि त्यात एकच प्रश्न होता: घ्यायला येता का? तिने तो शब्दांत विचारला नाही, कारण पंचवीस वर्षांची कमावती मुलगी बापाला असं सरळ विचारायला लाजते. 'सिन्नर आलं हं' एवढंच म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात तुम्ही 'येतो' म्हणायला हवं होतं.

एकदाही म्हणाला नाहीत का हो? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही. असतं तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतं.

शनिवारी पहाटे निघायला ती का ऐकत नाही, त्याचंही उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पहाटेची बस धरली तर घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात, अंघोळ-जेवण होईतो शनिवार निम्मा संपतो आणि रविवारी दुपारी परत निघायचं. शुक्रवारी निघालं तर एक रात्र जास्तीची मिळते. त्या एका रात्रीसाठी ती आठवड्यातल्या सगळ्यात वाईट वेळी त्या रस्त्यावर येते. नाशिक फाट्याला धुरात उभी राहून बस धरते. मोशी, मग चाकण. कंपन्यांची सुटलेली पाळी, कंटेनर, तळेगाव चौक. राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट. २१० किलोमीटरला सहा-सात तास. हे सगळं शुक्रवारची रात्र घरी मिळावी म्हणून. आणि नेमक्या त्याच रात्री तुम्ही घरी नसता.

अर्ध्या तिकिटाचं म्हणाल तर ते १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या सगळ्याच बायकांना लागू आहे. आयटीत कमावणारी मुलगी तेवढे पैसे वाचतात म्हणून इतका वेळ बसत नाही. तिला घरी यायचं असतं म्हणून ती येते. तुम्ही त्यात सरकारी सवलत पाहिलीत, हे वाचून मला वाईट वाटलं.

रेल्वेचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांच्या कामात रेल्वेचा व्यत्यय नको म्हणून आधीचा मार्ग अडला, मग शिर्डीकडून वळवायची चर्चा सुरू झाली. तुम्हाला यातला टप्पा न् टप्पा पाठ आहे. पण ती गाडी उद्या सुरू झाली तरी ती मुलीला नाशिकरोड स्टेशनवरच आणून सोडेल. तिथून पुढे कोण? तुम्ही तिथेही रिक्षाच सांगणार असाल तर त्या रेल्वेचा तुमच्या घराला काय उपयोग?

मुलीकडे तुमच्याबद्दल तक्रार असावी आणि ती तिने आईजवळ केली असावी, असा तुमचा संशय पत्रात दोन-तीनदा डोकावतो. मला तसं वाटत नाही. तक्रार करणारी मुलगी भांडते, दार आपटते. ही मोबाईल घेऊन खोलीत बसली आणि सिन्नरचा फोन बंद केला. मला धास्ती वाटते ती याची. तुमच्याआधी आलेली पत्रं बाजूला ठेवून तुमचं घेतलं ते याचसाठी. फोन येत होता तोवर ती वाट बघत होती. दोन खेपा आला नाही, आता म्हणते महिन्यातून एकदाच येईन. पुढे सणावारी येईल. तिला वाईट वाटणंही बंद होईल आणि तुम्हाला वाटेल, मुलगी समंजस झाली, मोठी झाली.

बायकोला कसं समजावू, असं विचारलंत. समजावू नका. त्या बोलतात ते बरोबर की चूक यात मी शिरत नाही, कारण हे भांडण त्यांच्याशी नाहीच.

मित्रही सोडू नका. चाळीस वर्षं टिकलेली माणसं कुणी सोडतं का, आणि त्यातून मिळणार तरी काय? मुलीला तुमचा त्याग नकोय. तो तिला उलट जड होईल. फक्त ज्या दोघांची मुलं परदेशात आहेत, त्यांना एकदा विचारा. म्हणावं, तुमच्या मुलाचा आत्ता सिन्नरहून फोन आला असता, 'बाबा, तासाभरात पोचतोय', तर तुम्ही या बाजेवर बसून राहिला असता का? त्यांचं उत्तर नीट ऐका. ते तुम्हाला पानावरून हाताला धरून उठवतील. तुमच्या मुलीचा पाळणाही त्यांनी पाहिला असेल, ते तुमच्यावर रुसणार नाहीत.

आता करायचं एकच. येत्या खेपेला फोनची वाट बघू नका, तो कदाचित येणारच नाही. रात्री नऊच्या सुमाराला तुम्हीच लावा. 'कुठवर आलीस?' एवढंच विचारा. ती म्हणेल, संगमनेर. मग सांगा, 'द्वारकेला उतर, मी तिथे उभा आहे.' 'येऊ का', 'जमेल तसं बघतो', 'उशीर झाला तर रिक्षा कर' यातलं काही म्हणू नका. उभा आहे म्हणा आणि खरंच उभे राहा. संगमनेरहून यायला तिला दीड तास लागतो, तेवढ्यात तुमची शेवभाजी निवांत होईल.

बसच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि जरा आजूबाजूला बघा. पुण्याची बस वेग कमी करते, कंडक्टर 'द्वारका, द्वारका, पुढे या' म्हणून ओरडतो, पोरं-पोरी बॅगा घेऊन दाराशी दाटी करतात. पाय जमिनीला लागायच्या आत रिक्षावाले गोळा होतात, सिडको, सातपूर, मॅडम कुठं, दोनशे द्या. त्या गर्दीतून उतरणारा प्रत्येक जण आधी कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे बघतो. कुणाचा भाऊ बाईकवर असतो, कुणाचे वडील कानटोपी घालून गाडीला टेकलेले असतात. ज्याचं कुणी आलेलं असतं त्याची बॅग दुसऱ्याच्या हातात जाते. बाकीचे खाली मान घालून भाव ठरवायला लागतात. तुमची मुलगी किती खेपा तिथे उतरली असेल, ते तिथे उभं राहिल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

ती तुम्हाला बघून पळत येईल, गळ्यात पडेल, असं मनात धरून जाऊ नका. सात तासांनी माणूस आंबलेलं असतं. ती म्हणेल, 'कशाला आलात, मी केली असती रिक्षा.' त्याला उत्तर देऊ नका. बॅग घ्या. गाडीत पाण्याची बाटली ठेवा, खायला काहीतरी ठेवा, घरचा चिवडा चालेल. मग ती चाकणबद्दल बोलेल. बोलू द्या. मनसोक्त कुरकुर करू द्या. पहाटे निघ, शिवाई बस बघ, शेअर कार कर, असं एकही वाक्य तोंडातून काढू नका. तुम्ही तोडगा सांगता तेव्हा तिला ऐकू येतं की तुला यायचं कसं हे कळत नाही. ती चिडते ती त्यावर. तुम्ही म्हणा, 'फार हाल झाले गं.' याहून जास्त काही लागत नाही.

तिला घेऊन परत ढाब्यावर जाऊ नका. 'सगळे काका तुझी आठवण काढतात' वगैरे म्हणून तर मुळीच नको. त्या रात्री तिला तुमचे मित्र भेटायचे नसतात. सरळ घरी. तिच्या आईने ताट वाढलं की तुम्हीही तिथेच बसा, पोट भरलेलं असलं तरी. टीव्ही लावू नका.

आणि हे एकदा करून थांबलात तर न केलेलंच बरं. एकदा गेलात तर तिला वाटेल, आईने पाठवलं. दुसऱ्यांदा गेलात तर वाटेल, काहीतरी काम असेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिचा विश्वास बसेल. मग एखाद्या शुक्रवारी तुम्ही फोन लावायच्या आधी तिचाच येईल. कुठून येईल ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पानात काहीही असो, उठायचं.

मिसळ शनिवारी सकाळीही आणा, ती आवडत असेलच तिला. पण पिशवीत बांधून आणण्यापेक्षा तिलाच घेऊन जा, आधी द्वारकेचं तेवढं झालं की.

येत्या शुक्रवारी ती येणार आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. आजच विचारून घ्या. आणि गाडीत पेट्रोल आहे की नाही ते गुरुवारीच बघून ठेवा.

तुमची,
ताई