उजवी कडा उजव्या वेंट्रिकलची नाही तर कोणाची?

प्रश्न : सर, मी एमबीबीएस थर्ड इयरला आहे. परवा वॉर्डात छातीचा एक्स-रे धरून विचारलं की हार्टची उजवी कडा कोणाची, मी म्हटलं उजव्या वेंट्रिकलची, तर सगळे खी खी करून हसले. पाठ असते पण फिल्म समोर आली की गुल. सोपं करून सांगा ना.
– एक वाचक, हनुमाननगर, नागपूर

उत्तर : अगं, हसणाऱ्यातल्या अर्ध्यांना पण आलं नसतं. ही 'उजवा-डावा' नावंच फसवतात. हार्ट छातीत तिरपं फिरून बसलंय, त्यामुळं उजवा वेंट्रिकल, म्हणजे खालचा कप्पा, पुढं, छातीच्या हाडामागं, अन् डावा एट्रियम, म्हणजे वरचा कप्पा, पार मागं अन्ननलिकेला चिकटून. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. फुटाळा तलावावर सूर्य बुडताना चार जण एकामागं एक उभे असले तर जो बाजूला बाहेर येतो त्याचीच कड दिसते ना, मधला गायब, तसंच उजव्या वेंट्रिकलचं होते. त्याला बघायचं तर लॅटरल व्ह्यू, म्हणजे बाजूनं काढलेली फिल्म.

आता पीए फिल्म लाव, म्हणजे पाठीकडून पुढं किरण सोडून काढलेली. आधी डावं-उजवं दाखवणारा मार्कर बघ, पेशंटची उजवी बाजू तुझ्या डावीकडं. तिथं वर एसव्हीसीची (वरच्या अंगातलं रक्त हार्टकडं आणणारी मोठी शीर) जवळपास सरळ रेघ, खाली राइट एट्रियमचा फुगवटा, संपलं. दुसरीकडं बोट वरून खाली फिरव: एऑर्टिक नकलचा, म्हणजे महाधमनीच्या वळणाचा, गोल उंचवटा, मग पल्मनरी ट्रंक (फुप्फुसाकडं जाणारी मोठी धमनी), मग लेफ्ट एट्रियल अपेंडेज (डाव्या एट्रियमची छोटी पिशवी), अन् खाली टोकापर्यंत लेफ्ट वेंट्रिकल. अपेंडेजची जागा नॉर्मली सपाट किंवा थोडी खोलगट असते, ती फुगली की मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद होणं, डोक्यात आण, लहानपणच्या रुमॅटिक फीवरचे असे पेशंट आपल्याकडं अजून येतात.

कडा कोणाची हे कळलं की खरी मजा न्यूमोनियात. उजवी कडा पुसट झाली तर न्यूमोनिया उजव्या फुप्फुसाच्या मिडल लोबमध्ये, डावी पुसली तर डाव्या फुप्फुसाच्या लिंग्युला भागात, कारण हे भाग हार्टला टेकलेले असतात अन् फुप्फुस अन् हार्ट दोन्ही सारखेच पांढरे झाले की मधली रेघ उरतच नाही. लोअर लोब मागं, म्हणून त्यात हार्टची कडा शाबूत अन् डायफ्रामची पुसते.

अन् हो, मोठ्या माणसात पीएवर हार्टची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या ५० टक्क्यांपर्यंत चालते, पण झोपलेल्या पेशंटच्या पोर्टेबल एपीवर (खाटेजवळच, पुढून मागं किरण सोडून काढलेली फिल्म) स्केल लावू नको, त्यात हार्ट उगाच मोठं दिसते. इंटर्नशिपमध्ये मी लावली होती, रात्री दोनला सिनिअरला उठवून.