बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी का येते?

"बीजी-२ चं महागडं बियाणं लावूनही बोंडात अळी निघते, बियाणं बोगस का?" जालना-परभणीकडचा नेहमीचा प्रश्न. बहुतेक वेळा बियाणं अस्सलच असतं.

बीजी-२ म्हणजे बोलगार्ड-२, या बीटी कपाशीत मातीतल्या 'बीटी' जिवाणूची क्राय१एसी आणि क्राय२एबी ही दोन जनुकं असतात. त्यांचं प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. हिरव्या अमेरिकन अळीवर ते अजून बरंच चालतं, पण गुलाबी अळी दोन्हींना सरावली. त्यात आपल्याकडे सगळं संकरित वाण; त्याच्या बोंडातल्या काही सरक्यांत जनुक उतरतच नाही आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. पूर्वी पाकिटासोबत वेगळं मिळणारं बिगर-बीटी बियाणं म्हणजे 'रेफ्युजी', ते बांधावर फेकून दिलं गेलं; मग सरावलेल्या पतंगांना साधा (बीटीला बळी पडणारा) जोडीदार मिळाला नाही आणि पुढची पिढीही सरावलेलीच निघाली.

लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या अर्धा फूट वर लावा. ल्युर (सापळ्यातली गंधाची गोळी) गुलाबी अळीचंच घ्या (दुकानदार भलतंच देतो), ३-४ आठवड्यांनी बदला. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडं फोडून २ किडकी निघाली, की फवारणी. त्याआधी डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) तोडून नष्ट करा आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा. बोंडाच्या आत शिरलेल्या अळीला औषध पोचत नाही.

फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कपाशी पुढे ठेवणं) मात्र नकोच, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा. मावा-तुडतुड्यांवर बीटीचा काडीचा परिणाम नाही, त्यांचं वेगळं बघा.