गायरानाला कुंपण पडले, तर दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानातील दोन एकरांना एका बागायतदाराने सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपण घातले, आत कांदा लावला आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड उभी केली. त्यामुळे जनावरांची पाणवठ्याची वाट बंद झाली आहे. ग्रामपंचायत म्हणते, जमीन सरकारची आहे, तहसीलला जा. तहसील म्हणते, आधी पंचायतीचा ठराव आणा. हे गृहस्थ एका पंचायत सदस्य बाईंचे सासरे असून, ‘शेडची घरपट्टी भरतो, बारा वर्षे झाली की जमीन माझीच’ असे उघड सांगतात. आम्ही काय करावे? आणि आम्ही तक्रार केली, तर याच गायरानात पंचवीस-तीस वर्षांपासून राहणाऱ्या भूमिहीनांच्या झोपड्यांवरही गदा येईल का?
— एक पशुपालक, जि. बीड

उत्तर : आपल्याला या दारातून त्या दारात पाठवणारी दोन्ही कार्यालये चुकीचे सांगत आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० नुसार सरकारी जमिनीवरील अतिक्रमण नोटीस देऊन काढून टाकण्याचा आणि त्याचा खर्च संबंधिताकडून वसूल करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, मग ती जमीन पंचायतीच्या ताब्यात असली तरीही. त्यासाठी पंचायतीच्या ठरावाची अट या कलमात नाही. दुसरीकडे, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीलाही अतिक्रमण हटवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यात चराईच्या जमिनीवर अनधिकृतपणे घेतलेले पीक काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे आपल्या गावचा कांदासुद्धा त्यात येतो. जागा सरकारची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते, एवढेच. पंचायत हातावर हात ठेवून बसली, तर त्याच कलमाच्या पोटकलम २-अ नुसार कोणाच्याही अर्जावरून जिल्हाधिकारी स्वतः कारवाई करू शकतात. आपला अर्ज याच पोटकलमाचा आणि कलम ५० चा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा, प्रत तहसीलदारांना द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी.

अर्जासोबत गायरानाचा सातबारा, गावनकाशा आणि कुंपणाची छायाचित्रे जोडावीत. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते; त्यात ही नोंद झाली आहे का, हे पाहावे आणि नसल्यास ती घेण्याची लेखी मागणी करावी. हद्दीबद्दल वाद निघण्याची शक्यता असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी व्हावी, असेही अर्जातच लिहावे, कारण अशी बरीच प्रकरणे मोजणीअभावी वर्षानुवर्षे रेंगाळतात.

घरपट्टीच्या पावतीने मालकी मिळत नाही. तो केवळ कर असतो. बारा वर्षांचा हिशेब खाजगी जमिनीचा आहे, सरकारच्या दाव्याला मुदत कायद्याने तीस वर्षांची मुदत दिली आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी, पतियाळा जिल्ह्यातील एका गावतळ्यावर झालेली बांधकामे पैसे भरून घेऊन नियमित करण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा मार्ग बेकायदेशीर ठरवला. दीर्घकाळचा ताबा, बांधकामावर केलेला मोठा खर्च किंवा राजकीय लागेबांधे ही नियमित करण्याची कारणे होऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने बजावले आणि सर्व राज्यांना अशा जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखण्यास सांगितले.

सदस्य बाईंविषयी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. सासऱ्याने व पतीने केलेल्या अतिक्रमणाच्या जागेत राहून तिचा लाभ घेणारी सूनही अपात्र ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात म्हटले आहे. मात्र केवळ नाते पुरेसे धरून अर्ज करू नये. बाईंचा त्या जागेच्या वापराशी असलेला संबंध पुराव्याने दाखवावा लागेल.

पाणवठ्याची वाट तातडीने उघडायची असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक अडथळा दूर करण्याचा अर्ज करता येतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. दिवाणी न्यायालयाच्या परवानगीने दोन किंवा अधिक ग्रामस्थांना, स्वतःचे वेगळे नुकसान न दाखवताही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ प्रमाणे दावा लावता येतो. उच्च न्यायालय हा त्यानंतरचा टप्पा आहे आणि तेथे आपली पोच घेतलेली अर्जांची फाईलच उपयोगी पडेल.

झोपड्यांची आपली काळजी रास्त आहे आणि ती आपण केली, याचे मला समाधान वाटते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर नोटिसा निघाल्या, तेव्हा सर्वांत आधी गरीब घरेच हादरली. परंतु जगपाल सिंग निकालातच भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. आंबेडकरी चळवळीतील नेते दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून भूमिहीनांना जमीन देण्याच्या मागणीला मोठा इतिहास आहे. कुंपण घालणारा बागायतदार आणि निवाऱ्यासाठी पाल ठोकणारे कुटुंब यांना एका मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. त्या कुटुंबांनी जुनी मतदारयादी, शिधापत्रिका, वीजबिल आणि जातीचे दाखले आत्ताच एकत्र करावेत. नोटीस आल्यास मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि आदेश विरुद्ध गेल्यास महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करावे. आपल्या अर्जात मात्र बागायतदाराच्या दोन एकरांचा गट क्रमांक व चतुःसीमा नेमकेपणाने लिहाव्यात. ‘गायरानातील सर्व अतिक्रमणे काढा’ असे मोघम वाक्य घालू नये.