वाचकांचे प्रश्न: मिररलेस की डीएसएलआर?

प्रश्न: पहिलाच कॅमेरा घेतोय. रविवारी पहाटे कवडीपाटला पक्षी बघायला जातो, घरी पळापळ करणारी लहान मुलगी आहे. कॅननचा १५००डी स्वस्त पडतो, दुकानदार आर५० सुचवतोय. काय घेऊ? (हडपसर)

उत्तर: आर५० घ्या. १५००डी डीएसएलआर आहे, म्हणजे त्यातला आरसा दृश्य व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) पोहोचवतो. आर५० मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी (म्हणजे मध्यम आकाराचा), सुमारे २४ मेगापिक्सेलचा. उन्हात शांत बसलेल्या पक्ष्याचा फोटो दोन्हींत जवळपास सारखाच येईल. फरक पडतो तो फोकसमध्ये. १५००डीला ९ फोकस पॉइंट, सगळे चौकटीच्या मधल्या भागात, आणि वेग सेकंदाला ३ फोटो. नदीसुरय पक्षी उडताना पॉइंटबाहेर सरकला की फोकस मागच्या झाडीवर जातो. आर५० पक्षी ओळखून त्याच्या मागे राहतो, मुलीच्या डोळ्यांवरही तसाच.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो. त्याची जुळणी किंचित बिघडली की डोळ्याऐवजी कान शार्प येतो. महाग बॉडीत हे मेनूतून सुधारता येतं. १५००डीत तशी सोय नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे ही भानगडच उरत नाही.

आता लेन्स. आर५०ची आरएफ-एस ५५-२१० ही २१० मिमीला एफ/७.१ वर येते (आकडा मोठा तितका उजेड कमी), डीएसएलआरची जुनी ईएफ-एस ५५-२५० मात्र २५० मिमीलाही एफ/५.६ देते. पहाटेच्या उजेडात याचा अर्थ आयएसओ (उजेड वाढवायचं सेटिंग, जास्त तितका फोटो दाणेदार) १६०० की २५००, एवढा होतो. म्हणून वापरलेली ५५-२५० एसटीएम (वेगळ्या फोकस मोटरची आवृत्ती) शोधा (‘आयएस II’ नको, तिचा फोकस संथ आहे) आणि ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावा. अडॅप्टरमध्ये काच नसते, नुसती २४ मिमीची पोकळ कडी. फोटोचा दर्जा उतरत नाही. उलटं मात्र जमत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसतच नाही.

बॅटरीत डीएसएलआर सरस: १५००डी एका चार्जवर सुमारे ५०० फोटो, आर५० व्ह्यूफाइंडर वापरून सुमारे २३०. दुसरी बॅटरी त्याच बिलात घ्या.

प्रश्न: वडिलांची निकॉन ५० मिमी एफ/१.८डी लेन्स कपाटात आहे. वापरलेला डी३५०० घेऊ की झेड५० आणि एफटीझेड अडॅप्टर? (सदाशिव पेठ)

उत्तर: ऑटोफोकस हवा असेल तर दोन्ही नाही, ना डीएसएलआर डी३५००, ना मिररलेस झेड५० आणि त्यावर जुनी लेन्स बसवणारा एफटीझेड. डी मालिकेच्या लेन्सला स्वतःची मोटर नसते, बॉडीतल्या स्क्रूने ती फिरते. तो स्क्रू डी३५०० मध्येही नाही, एफटीझेडमध्येही नाही. वापरलेला डी७२०० बघा, त्यात तो स्क्रू आहे. हाताने फोकस करायला तयार असाल तर झेड५० बरा, कारण फोकसमधल्या कडा व्ह्यूफाइंडरमध्ये रंगाने उजळतात.

त्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघा. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी हमखास धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स इतर लेन्सपासून वेगळी ठेवा आणि साफ करून घ्या. बॉडी घेताना एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा आउट-ऑफ-फोकस फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. निकॉनच्या मूळ जेपीजीमध्ये शटर किती वेळा चालला तो आकडा सापडतो, तोही तपासा.

प्रश्न: लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत मिररलेसच्या फोटोंवर आडवे पट्टे आले. कॅमेरा बिघडलाय का? (नारायण पेठ)

उत्तर: नाही. सायलेंट शटर (बिनआवाजाचा, इलेक्ट्रॉनिक) चालू राहिला असणार. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट बंद करा, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/५० ला ढोल वाजवणारे हात पुसट येतील, चेहरे टिकतील. एलईडी पडद्यांची लय वेगळी असते. तिथे दोन-तीन शटरस्पीड बदलून पट्टे कुठे जातात ते मिरवणूक पुढे येण्याआधीच बघून ठेवा.