डौल नक्षीत नसतो

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षात आहे. जुन्या जाहिरातींतल्या उंची राहणीच्या चित्रांसारखा पोर्टफोलिओ केला. दोन स्टुडिओंनी ‘नक्षी छान, पण विकायचं काय?’ असं विचारलं. यात करिअर होईल का?

उत्तर : होईल, पण या पोर्टफोलिओवर नाही. पाठवलेल्या बहुतेक चित्रांत केसांच्या वेलबुट्ट्या आणि डोक्यामागचं वर्तुळ आहे, वस्तू मात्र कुठेच नाही. झेक चित्रकार अल्फोन्स मूखाचं १८९६चं ‘जॉब’ या ब्रँडचं पोस्टर पुन्हा बघ. माल म्हणजे सिगारेट वळायचा साधा कागद. पण बाईचे डोळे अर्धमिटले, ती कुणालाच काही विकत नाही. तिला कसलीही घाई नाही आणि प्रतिष्ठा दिसते ती तिथेच. ब्रँडचं नाव मात्र तिच्या डोक्यामागे मोठ्या अक्षरांत आहे. स्टुडिओ विचारत होते ते हेच.

तुला जास्त उपयोगी पडेल तो अमेरिकन जाहिरात-चित्रकार लायनडेकर. ‘अ‍ॅरो’ कॉलरच्या त्याच्या जाहिराती १९०५ पासून जवळपास पंचवीस वर्षं चालल्या. कॉलर शर्टापासून सुटी असे. अख्खा शर्ट न धुता रोज स्वच्छ, खळ दिलेली कॉलर लावता यायची. म्हणजे बेताच्या पगाराचा कारकूनही साहेबासारखा दिसे. चित्रातला रुबाब नेमका हे गिऱ्हाईक हेरून काढलेला आहे.

आता एक सराव. अमेरिकन चित्रकार कोल्स फिलिप्स १९०८ पासून बाईचा पोशाख आणि पार्श्वभूमी एकाच रंगात रंगवायचा. कडा आपली नजर पूर्ण करते. तीन सपाट रंगांत असं एक चित्र कर. दोन्हीकडे एकाच वेळी कालवलेला रंगच वापर, छटा जराशी हलली तरी कड उघडी पडते. चेहरा, हात, बूट आणि पट्टा किंवा कॉलर स्पष्ट ठेव. हे टेकू काढले तर आकृतीच हरवते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते बाह्यरेषा ओढतात. ओढू नकोस.

पोर्टफोलिओत सहाच चित्रं ठेव. प्रत्येकासोबत कच्ची रेखाटनं आणि दोन ओळी : गिऱ्हाईक कोण, त्याला कोणासारखं दिसायचंय. पॅकेजिंग आणि ब्रँड इलस्ट्रेशनच्या मुलाखतीत याच ओळींवर प्रश्न येतात.

जुनी पोस्टर्स जतन करण्याचं कामही आहे, पण ते वेगळं शिक्षण. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा, ठिसूळ होतो; तिथे ब्रशइतकंच रसायनशास्त्र लागतं. ते नको असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.