जगात खुपरीमुळे पापण्या आत वळलेले लोक नेमके किती?

तुमचा प्रश्न असा आहे: खुपरीमुळे (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) पापणीचे केस आत वळतात, बुबुळाला घासून दृष्टी जाते. असे लोक जगात एकीकडे ८२ लाख दिलेत, दुसरीकडे २८ लाख. खरा आकडा कुठला?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ८२ लाख हा २००९ मध्ये छापून आलेला अंदाज, २८ लाख हा २०१६ सालचा, आणि आता तो २० लाखांच्याही खाली आलाय. पण एकातून दुसरा वजा करून ‘५४ लाख लोक बरे झाले’ असं कुठं लिहू नका. शस्त्रक्रिया लाखांनी झाल्या हे खरं, पण जुना आकडा बराचसा जुन्या, तुटपुंज्या पाहण्यांवर उभा होता. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१६ या काळात २९ देशांत २६ लाख लोकांचे डोळे घरोघरी जाऊन तपासले, तेव्हा कळलं की काही ठिकाणी रोग समजत होते तेवढा नव्हताच. म्हणजे घसरणीतला एक भाग उपचाराचा आणि एक भाग नीट मोजल्याचा.

नीट मोजणं म्हणजे काय, हे मला आमच्या आजीमुळं कळलं.

२००४ साली पेठेतल्या आमच्या तालमीनं नेत्रशिबिर घेतलं. चुलतभाऊ, म्हणजे दादा, कार्यकर्ता, वही माझ्याकडं. सकाळी अकराला मांडव घातला, २१२ माणसं आली. मोतीबिंदू, चष्मा, काचबिंदू असे रकाने मीच आखले होते. खुपरीचाही रकाना होता आणि त्यात संध्याकाळी मी शून्य लिहिलं. दादानं ते शून्य माइकवरून सांगितलंही.

आणि आजी घरी, माजघरात, अंधारात बसलेली. तिचं माहेर जत तालुक्यातलं. लहानपणी प्यायला पाणी मिळालं तरी खूप, तोंड धुवायला कुठलं? वर्षानुवर्षं परत परत खुपऱ्या होऊन वरची पापणी आतून आकसलेली. बटव्यात तंबाखूच्या डबीशेजारी एक चिमटा असायचा. दर आठ-दहा दिवसांनी मला खिडकीशी बसवायची, “बघ रं, कुठला टोचतोय.” मी उपटायचो. केस मध्येच तुटला तर खुंट आणखी बोचायचा. “शिबिराला का आली न्हाईस?” विचारलं तर म्हणाली, “उन्हात डोळा उघडत न्हाई, मांडवापतूर कशी येऊ?”

झालं की नाही? ज्याला हा रोग सगळ्यात जास्त, त्यालाच ऊन सोसत नाही, म्हणून तो शिबिरात दिसत नाही. दादाला म्हटलं, शून्य खोडू या, गल्लीगल्लीत जाऊन बघू या. तर म्हणे, “आलं न्हाईत त्येंचा हिशोब आपण कशाला ठेवायचा?” त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

जागतिक अंदाज काढणारे नेमकं हेच टाळतात. साधारण एक ते अडीच लाख वस्तीचा भाग धरायचा, त्यातली वीस-तीस गावं-वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि निवडलेल्या घरात जाऊनच डोळे बघायचे. दिवसा घरात बायका जास्त, पुरुष रानात. या रोगाचं ओझंही बायकांवरच जास्त, मुलांचे डोळे पुसता पुसता त्यांना परत परत लागण होते. म्हणून वय आणि बाई-पुरुष यांच्या खऱ्या प्रमाणानं आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. मग टक्केवारी गुणिले लोकसंख्या, सगळ्या भागांची बेरीज. जिथं पाहणी झालीच नाही तिथं आजूबाजूवरून अंदाज. यातली गोम अशी की पाहणीचा आकार लहान मुलांमधली खुपरी मोजायला ठरवलेला असतो. पापणी वळलेले मोठे लोक एका भागात पाच-दहाच सापडतात आणि दोघं कमीजास्त झाले की सगळी टक्केवारी हलते.

चिमट्याचंही सांगतो. आजी आदल्या दिवशी केस उपटून बसली असती तर तपासणाऱ्याला टोचणारा केस दिसलाच नसता. म्हणून व्याख्येतच आहे: वरच्या पापणीचा एक जरी केस डोळ्याला लागत असेल किंवा असे केस नुकतेच उपटल्याच्या खुणा असतील, तरी मोजा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून खुपरीचं सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. दादानं बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, ‘शून्य.’ दादा, शून्य नव्हे. पंधरा वर्षांवरच्या लोकांत पापणी वळलेले ०.२ टक्क्यांहून कमी, ही अट आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर. त्यातले पंधरा वर्षांवरचे २९ लाख धर, तर ५,८०० च्या आत असले तरी अट पुरी होते. आणि त्यातही आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेलेच धरतात. शस्त्रक्रियेला नाही म्हणालेली आजी त्यात आलीच नसती. “कशाला चिरफाड, केस हाय न्हवं, उपटला की झालं,” असं म्हणत ती शेवटपर्यंत तशीच राहिली. उजव्या डोळ्यात फूल पडलं.

आता कोल्हापुरात ५,८०० रुग्ण आहेत असं मी म्हटलेलं नाही, नाहीतर कुणीतरी ते पुढं ढकलेल. भारतानं केलेलं काम मोठंच आहे. म्हातारपणात पापणी सैल पडूनही केस आत वळतात, बहुतेक वेळा खालच्या पापणीचे, आणि ते खुपरीत धरत नाहीत. आजीची वरची पापणी उलटून आतले पांढरे वण डॉक्टरांनी नंतर दाखवले होते, म्हणून तिचं खात्रीनं सांगतो. आणि अंध झालेले वेगळे, पापणी वळलेले वेगळे. खुपरीनं दृष्टी गेलेले किंवा अधू झालेले साधारण १९ लाख सांगतात, तो आकडा यात मिसळू नका. कुठलाही घेतलात तरी शेजारी साल लिहा.

शिबिराची वही दादाच्या कपाटात होती. गेल्या दिवाळीत मागितली, तर म्हणाला रद्दीत गेली.